सात जणांनी मागितलेली माझी पिलं

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे आणि माझं नाव चिमणी. हसू नका! धुळ्याच्या देवपुरात, तोताराम भाऊंच्या ओट्यावर मी लहानाची मोठी झाले. भाऊंची नववीतली लेक कोकिळा शाळेत निघाली की तिला फाटकापर्यंत पोचवायचं आणि येताना गल्लीतल्या प्रत्येक सायकलवर भुंकायचं, ही माझी नोकरी.

एका वर्षी, माजावर येऊन दीड-दोन महिने झाल्यावर, माझं पोट फुगलं. गल्लीत काय आनंद! पोरांनी घरोघरी पीठ, गूळ, तेल मागून बाळंतिणीसाठी शिरा केला. पाच पिलं होतील असं धरून सात जणांनी ती मागूनही ठेवली. शेजारच्या यशोदा अक्का म्हणाल्या, "पाच काय, सात शेतस!"

मला मात्र शिरा नकोसा झाला. नुसतं पाणी पाणी व्हायचं. शेपटीखालून घाण वासाचा पू गळायचा, तो मी गुपचूप चाटून टाकायचे. कोकिळाने पाहिलाच.

"भाऊ, हिच्या अंगावरून जातंय. पू आहे तो!"

ओट्यावर चार माणसं बसलेली. अक्कांनी डोळे वटारले, "पोरी, अशी गोट चारजनमा बोलतस का?"

"मग काय चिमणी बोलेल?"

तिने मला लोटगाडीत घातलं आणि पांझरेच्या पुलावरून थेट गुरांच्या दवाखान्यात नेलं. मागून भाऊ आणि अक्का धापा टाकत आले. डॉक्टरांनी पोट चाचपलं. "पिलू एकही नाही. गर्भाच्या पिशवीत पू भरलाय. आजच पिशवी काढली तर वाचेल."

भाऊ मागे सरले. "कुत्रीची पिशवी? टेबलावरच जाईल हो. मरायची ती घरी मरू दे."

कोकिळाने मला घट्ट धरलं. इतक्यात बैलवाल्यांच्या गर्दीत अक्का स्वतःच्या पोटावर हात ठेवून कडाडल्या, "मनी पिशवी काढेल शे ना! मी मरनू का?"

सगळे बैलवाले वळून बघू लागले. एक बैलही हंबरला. भाऊ लाजून लाल झाले आणि म्हणाले, "करा डॉक्टर."

टाके निघाल्यावर मी पहिली भुंकले ती भाऊंच्याच सायकलवर!

मित्रांनो, तुमची कुत्री माजानंतर खाईना, फार पाणी पिऊ लागली, पोट फुगलं, तर पिलं वाटत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. पू दिसला नाही तरी दाखवा. आणि सांगताना लाजू नका. माझ्यासाठी दोघी मोठ्याने बोलल्या, म्हणून तर मी आज तुमच्याशी एवढं बोलते आहे!