बापूजींचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, तिखटाच्या कारखान्यात कधी गेलात तर नाकाला रुमाल लावून जा, आणि ऑफिसात शिरलात की डाव्या हाताच्या टेबलाकडे बघा. तिथे तारेचा एक राखाडी फोन बसलेला दिसेल. बटणांच्या फटींत लाल पूड, वायरीला पीळ, तीनचा आकडा पुसलेला. तो मी. मी एक जुना टेलिफोन आहे, आणि मला हल्ली स्वतःच्याच घंटेची भीती वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. पोटात तारा भरून झाल्यावर कुणीतरी मला कानाला लावलं, ‘हॅलो’ म्हटलं आणि खोक्यात बंद केलं. ऐकलेला पहिला शब्द तोच, आणि तो मला फार आवडला. माझ्याबरोबर एक काळा फोन होता. नागपूरला, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत, आम्ही दोघे एकदमच उतरलो. काळ्याला मालकांच्या केबिनमध्ये जागा मिळाली, मला बाहेर ऑफिसात. माझ्यावरचं दोन आणि सात दाबलं की तिकडे तो वाजायचा. बाहेरचे फोन मात्र माझ्याकडेच यायचे. म्हणजे काम मला जास्त आणि मान त्याला, पण ते जाऊ द्या.

मालकांचं नाव महादेवराव. त्यांना सगळे बापूजी म्हणत. उमरेडच्या विणकरांच्या घरातले. घरचा माग बंद पडला तेव्हा त्यांनी भिवापूरची मिरची आणून कांडायला सुरुवात केली आणि त्यातून हा कारखाना उभा राहिला. त्यांचा आवाज एवढा खणखणीत की फोन न लावताही भिंतीपलीकडून ऐकू यायचा. तरी ते फोन लावायचे. मी त्यांना आवडत असणार, असं मी समजतो. तुम्ही खुशाल हसा. समोर पोरगी असो की पांढऱ्या मिशांचा हमाल, ते सगळ्यांना ‘बेटा’च म्हणायचे. “बेटा, जेवली का?” हे आधी, काम नंतर. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की एक झेंडूचं फूल ते स्वतः माझ्यावर ठेवायचे.

पण त्यांना एक खोड होती. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. बोलता बोलता तो या गालातून त्या गालात जायचा, आणि मला तो आवाजही पाठ झाला होता. पुढे आवाज बसायला लागला. तिखट घशात गेलं म्हणाले, थंडीचं बसलंय म्हणाले. शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं.

बरे होऊन आले तेव्हा त्यांच्या हातात विजेरीएवढं एक यंत्र होतं. ते गळ्याला लावलं की शब्द घरघरत बाहेर पडायचे, सगळे एका सुरात, चढ नाही की उतार नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका ट्रकवाल्याला माझ्यावरून फोन केला. पलीकडचा माणूस हसला. “अबे, मशीन बोल रही है कोई,” असं म्हणून त्यानं फोन ठेवून दिला. बापूजींनी मला कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. मग त्यांनी ते यंत्र केबिनच्या खणात टाकलं आणि त्यानंतर जे काही सांगायचं ते ईमेलवर लिहून सांगायला लागले.

आणि मित्रांनो, तेव्हापासून त्या केबिनला कुणीच फोन लावला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पाटी लावली नव्हती. फोन लावला तर त्यांना ते यंत्र काढावं लागेल, वाईट वाटेल, एवढ्याच मायेनं सगळे गप्प राहिले. माझ्यातली दोन-सातची वाट पडीक झाली. कधी कधी त्या वाटेवरून नुसता श्वास यायचा. बापूजी पलीकडे रिसीव्हर उचलून बसलेले असायचे आणि तसेच ठेवून द्यायचे. हे फक्त मला आणि काळ्याला माहीत होतं.

मी ज्या टेबलावर बसतो ते टेबल रोशनी रामटेकेचं. नागपुरातल्याच इंदोऱ्यातली मुलगी, कामगारांच्या हजेरीचं आणि कागदपत्रांचं काम बघणारी. मिरचीचे देठ मोडणाऱ्या नि पाकिटं भरणाऱ्या बायका तिच्यावर जीव टाकायच्या. तिच्या आधीचा बाबू त्यांच्यावर खेकसायचा. रोशनी मात्र खुर्ची देऊन समजावून सांगायची, म्हणून त्यांनी आपलं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, घरच्यांची नावं, सगळं तिच्या हवाली केलेलं. त्यात सगळ्यांत पुढे प्रेमिलाबाई. भिवापूरहून आलेल्या, कारखान्यात सगळ्यांत जुन्या. “रोशनीजवळ दिलं म्हणजे आपल्या पेटीत ठेवलं,” असं त्या नव्या बायकांना सांगायच्या.

त्या दुपारी बापूजी तपासणीसाठी दवाखान्यात गेले होते. माझ्या शेजारच्या संगणकावर त्यांच्या नावानं एक ईमेल आली. संगणकाचं नि माझं फारसं जमत नाही, पण त्याचा पडदा मला वाचता येतो.

‘बेटा, जेवली का? बायांचा आरोग्य विमा काढायचा आहे. माझ्यासारखं त्यांच्यावर येऊ नये. सगळ्यांचे आधार, पासबुक, फोटो, मोबाईल नंबर, घरच्यांची नावं आत्ता पाठव, आज शेवटचा दिवस आहे. फोन करू नको. माझं तुला माहीतच आहे.’

वाचताना रोशनीचे डोळे भरून आले. हा विमा बापूजींच्या मनात खरंच होता, आजारातून उठल्यापासून ते त्याविषयी लिहीत होते. तरी एवढे सगळे कागद एकदम, म्हणून ती थबकली. तिनं मला उचललं. बापूजींचा मोबाईल नंबर लावायला तिनं बोट पुढे केलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी जिवाचा कान केला होता.

नेमक्या त्याच वेळी प्रेमिलाबाई रजा मागायला दारात उभ्या होत्या.

“काहून फोन लावून राहिली वं?” त्या म्हणाल्या. “बापूजीले बोलाले किती तरास होते, तुले मालूम नाही का? लिहून तं धाडलं न त्याइनं. कायले त्याइचा जीव दुखवतं?”

रोशनीनं जीभ चावली. “खरं आहे मावशी,” म्हणाली आणि मला जागेवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत बसून तिनं एकेक कागद स्कॅन करून पाठवला. वर नाव बापूजींचं होतं. त्या नावाखाली पत्ता कुठला आहे हे तिनं बघितलं नाही. घरच्या माणसाचं नाव दिसल्यावर खालचं कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी बापूजी आले तेव्हा तिनं हसून सांगितलं, विम्याचे कागद पाठवले. ते तिच्या टेबलाशी आले, उभ्याउभ्या ती ईमेल वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा पाहून रोशनी खुर्चीवरून उठली. बापूजी केबिनमध्ये गेले, खणातून यंत्र काढून आणलं आणि सगळ्या ऑफिससमोर गळ्याला लावलं.

“हे मी नाही लिहिलं,” ते घरघरत म्हणाले. मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, “पण असंच लिहिलं असतं.”

बघा मित्रांनो, काय उलटी गोष्ट! खरा माणूस यंत्रासारखा बोलत होता आणि कुणी परका अगदी माणसासारखं लिहून गेला होता. तक्रार दिली तेव्हा पोलीस म्हणाले, त्यानं आधी आमच्या जुन्या ईमेल चोरून वाचल्या असतील. म्हणजे कित्येक दिवस कुणीतरी आमच्यात बसून होतं. बापूजी कुणाला काय म्हणतात, कोण त्यांना फोन लावत नाही, का लावत नाही, सगळं त्यानं पाहून ठेवलं. आम्ही मायेनं जी जागा रिकामी ठेवली तिथे तो येऊन बसला.

मग मी वाजायला लागलो.

बायकांच्या नावानं मोबाईलवरून कर्जं उचलली गेली होती. वसुलीवाले कारखान्याच्या नंबरावर, म्हणजे माझ्यावर फोन करायचे. रोज नवा आवाज. “प्रेमिला को बुलाओ.” त्यांना प्रेमिलाबाईंचं गाव माहीत होतं, मुलाचं नाव माहीत होतं, सुनेचंही. शिव्या तर अशा द्यायचे की त्या माझ्यातून जाताना मलाच लाज वाटायची. माझी घंटा वाजली की पलीकडे पाकिटं भरणारे हात थांबायचे. आता कुणाचं नाव निघतं, म्हणून सगळ्याजणी ऑफिसच्या दाराकडे बघत राहायच्या. ज्या फोनवरून ‘बेटा, जेवली का’ ऐकलं त्याच फोनला त्या बिचकायला लागल्या. माझ्या म्हातारपणाला हेच यायचं होतं.

रोशनीशी कुणी बोलेना. चहाला तिला कुणी बोलवेना. एक दिवस प्रेमिलाबाई टेबलाशी आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, “माहे कागद मले वापस दे वं.”

रोशनीनं कपाट उघडून कागद दिले. ते जसेच्या तसे होते, कोपराही दुमडलेला नव्हता. प्रेमिलाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. कागद हातात असताना आपण चोरीला कसे गेलो, हे त्यांना उमगेना. त्या गेल्यावर रोशनीनं माझ्याच बाजूला डोकं टेकलं आणि ती रडली. राजीनामा लिहून तिनं तो केबिनमध्ये नेऊन ठेवला.

थोड्याच वेळात माझी घंटा वाजली. तिनं घाबरत घाबरत मला उचललं. फोन बाहेरचा नव्हता. पडीक वाटेवरून, काळ्याकडून आला होता.

“तुले ऐकू येऊन राहिलं का, बेटा?”

तिला शब्द कळले नाहीत. “बापूजी, पुन्हा सांगा,” ती म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. “अजून एकदा, बापूजी.” त्यांनी अजून एकदा सांगितलं, न चिडता. राजीनामा त्यांनी फाडला होता. आणि आजपासून आपल्या नावानं काहीही आलं, तरी आपल्या गळ्यातून ऐकल्याशिवाय करायचं नाही, असं ते सांगत होते. तू मशीन समजून हसली तरी चालेल, पण विचार.

ती हसली नाही. तिनं विचारायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. दिवसभर दोन-सात, दोन-सात. गोदामातला माणूस विचारायचा, हिशेबवाला विचारायचा, आणि बापूजी प्रत्येकाला घरघरत उत्तर द्यायचे. हळूहळू आम्हा सगळ्यांना तो सूर कळायला लागला. त्यात राग कुठे, थट्टा कुठे, हेसुद्धा. त्यांनी सगळ्या बायकांना बरोबर घेऊन पोलिसांकडे, बँकेत चकरा मारल्या आणि तिथल्या साहेबांपुढेही तेच यंत्र लावून भांडले. फोन कमी झाले. पुरते थांबले असं मी म्हणणार नाही. प्रेमिलाबाई पुन्हा ऑफिसात यायला लागल्या, पण आपले कागद मात्र त्यांनी घरीच ठेवले. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात दुखणं उलटलं आणि बापूजी गेले.

केबिन तशीच आहे. काळा टेबलावर आहे, तार शाबूत आहे. परवा दुपारी रोशनी हजेरी तपासत होती, प्रेमिलाबाई सही करायला आल्या होत्या, आणि माझ्या शेजारी पडदा उजळला. वर नाव होतं बापूजींचं.

‘बेटा, एक तातडीचं काम आहे. कोणाला सांगू नको.’

रोशनीनं पेन खाली ठेवलं. पत्र खोटं आहे हे तिला ठाऊक होतं, लहान मुलालाही कळलं असतं. तरी ते नाव तिथे चमकत होतं, जिवंत माणसाचं असावं तसं. कुणीतरी कुठेतरी बसून अजून त्यांच्या तोंडानं बोलत होतं. एका बोटानं ते पुसून टाकता आलं असतं. पण तिनं मला उचललं आणि दोन दाबलं, सात दाबलं.

बंद केबिनमध्ये काळा वाजायला लागला. सगळ्या कारखान्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पलीकडे हात थांबले. पण दाराकडे कुणी बघितलं नाही, सगळ्या माना केबिनकडे वळल्या. त्या तारेतून मी कान लावून होतो. पलीकडे श्वास नव्हता, घरघर नव्हती. मला ती घरघर फार हवी होती.

रोशनी फोन ठेवायला गेली, तेव्हा प्रेमिलाबाईंनी तिचा हात धरला.

“वाजू दे वं,” त्या म्हणाल्या. “पुरता वाजू दे.”

तो पुरता वाजला आणि आपोआप थांबला. उत्तर मिळालं होतं. रोशनीनं ती ईमेल पोलिसांकडे पाठवली, प्रेमिलाबाईंनी सही केली आणि दोघी कामाला लागल्या.

मित्रांनो, मला उद्या भंगारात घातलंत तरी माझी तक्रार नाही. एवढीच विनवणी आहे. ज्याच्या नावानं निरोप आला त्याला त्याच्या ओळखीच्या नंबरावर, त्याच्या गळ्यातून एकदा विचारा. तो मोठा आहे, दमलेला आहे, त्याला बोलायला त्रास होतो, अशी माया मनात आली तरी विचारा. त्या त्रासाचं त्याला वाईट वाटणार नाही. बापूजींना तो फार आवडला होता.