उभ्या कानाचं कूळ

कुत्र्यांच्या प्रदर्शनात वन्संनी माइक हातात घेतला आणि भावजयीच्या कपाळाला आठी पडली. आता राणी येणार.

राणी आलीच. "ही जात थेट राजवाड्यातली," वन्सं सांगू लागल्या. "राणीसाहेब थंडीत यांना शालीत घेऊन बसायच्या." मागच्या प्रदर्शनात राणी एकच होती. यंदा दोन झाल्या, वर एक आजारी राजपुत्र.

भावजय टेबलामागे तीन कुत्र्यांचे पट्टे मनगटाला गुंडाळून उभी होती. लग्न होऊन आल्यापासून हेच चाललेलं. पिल्लांना बाटलीनं दूध हिनं पाजायचं, कानातला मळ हिनं काढायचा, सोफ्याखालचं ओलं हिनं पुसायचं. इतिहास मात्र नणंदबाईंनी सांगायचा. नवऱ्याकडे कुरकुर केली की तो म्हणे, "जाऊ दे गं. ऋषीचं कूळ विचारू नये."

"ऋषी सोफ्याखाली मुतत नाहीत!"

श्वानसंघाच्या परीक्षक बाईंनी एक कुत्रं उचलून निरखलं. "सगळ्यांचा डावा कान उभा, उजवा पडलेला. हे कसं काय?"

"राणीसाहेब डाव्या बाजूनं कुजबुजायच्या ना," वन्सं म्हणाल्या. "पिढ्यान्‌पिढ्या ऐकून ऐकून उभाच राहिला."

भावजयीच्यानं राहवेना. "बेकरीवाल्याच्या कुत्र्याचा कान आहे तो! आखूड पायांचा, उंदीर मारणारा. वन्संच्या कुत्रीसाठी कुंपणाखालून यायचा. मी झाडू घेऊन हाकललाय त्याला. जरा उशिरा हाकलला, एवढंच!"

सभागृहात हशा पिकला. वन्सं लालबुंद झाल्या. परीक्षक बाईंचा चेहरा मात्र खुलला. "उंदीर मारायचा? अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत? किती सुरेख मूळ आहे!"

सुटले बाई एकदाची, भावजयीला वाटलं. चहाच्या टेबलाशी पोचते तर वन्संभोवती ही गर्दी.

"तो कुत्रा मीच हेरला होता," वन्सं सांगत होत्या. "कुंपणाखालचं भोकही मीच मुद्दाम ठेवलं. दूरदृष्टी लागते त्याला."

"वन्सं! ते भोक मी बुजवलं नाही म्हणून तुम्ही आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होतात!"

"तुला कळू दिलं नाही गं. तुझ्या पोटात काही राहत नाही. आत्ता बघितलंच सगळ्यांनी."

भावजयीनं कपाळावर हात मारला. तिनं पट्टे सोडवले आणि बिस्किट खात असलेल्या नवऱ्याच्या हातात कोंबले.

"अहो, आज यांना तुम्ही न्या. आंघोळही तुम्हीच घाला."

"मी? मला कुठे येतं?"

"तुमच्या ताईंना विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं."

बाहेर येऊन ती गाडीत बसली, काच वर केली आणि डोळे मिटून घेतले.