वहिनीची सुट्टी

"आता जातेस की ढकलू?" नणंदेने वहिनीच्या हातातला चमचा काढून घेतला आणि तिला दाराकडे वळवलं. "आई माझीही आहेच ना? संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नकोस."

वहिनीने उंबऱ्यातूनच सूचना दिल्या. कूस बदलताना आधी गुडघा वाकवायचा. पाणी चमच्याने, हनुवटी खाली ठेवून. कळलं, कळलं म्हणत नणंदेने दार लावून घेतलं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून वहिनीला अशी दुपार मिळाली नव्हती. नवरा कामावर, सुट्टीच्या दिवशी तो आईशेजारी बसायचा, म्हणजे पेपर घेऊन बसायचा. तिने शाळेतली कारकुनी सोडली, तेव्हा सगळ्यांनी तिचं फार कौतुक केलं होतं. त्यांतलं कुणी एक दिवस हात द्यायला मात्र फिरकलं नाही.

रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, जायला ठिकाणच नाही. मैत्रिणीकडे इतक्या वर्षांनी काय म्हणून जायचं? बागेत एकटीनं बसायची लाज वाटली. पाय आपसूक ओळखीच्या वाटेला लागले आणि ती दवाखान्यात पोचली. सासूबाईंची औषधं न्यायला ती इथेच यायची. पंखा होता, बाक होता.

"आजी कुठायत?" सिस्टरने विचारलं.

"घरी."

"मग तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. जरा बसू का?"

सिस्टरने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बसल्या बसल्या वहिनीचा डोळा लागला. शेजारच्या म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. डोळे न उघडताच तिचा हात उठला आणि त्याच्या पाठीवरून फिरू लागला; वरून खाली, सावकाश, उबळ थांबेपर्यंत. समोरच्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. म्हातारा हसला नाही. त्याने रुमाल ओठांवर दाबला आणि हलला नाही. त्याचा नंबर आला, तेव्हा त्याने मानेनेच सिस्टरला सांगितलं, नंतर.

मग पिशवीतला फोन वाजला, तेव्हा वहिनीला जाग आली.

नणंद रडकुंडीला आली होती. आईने दात घट्ट आवळलेत, पाण्याचा थेंब घेत नाही, नुसती दाराकडे बघतेय.

"मी तिची पोटची मुलगी आहे गं," ती म्हणाली. "पण तिला तूच हवीयस. ये ना. मला नाही जमत."

"निघालेच," वहिनी म्हणाली. फोन ठेवून तिने केस सारखे केले. "मी तुमच्या अंगावर नाही ना कलंडले?" तिने म्हाताऱ्याला विचारलं.

त्याने मान हलवली, नाही.

ती जिना उतरून रस्त्याला लागलेली त्याने खिडकीतून पाहिली. मग रुमाल खाली घेतला आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला खोकू लागला.