जोराच्या वाऱ्याचा माणूस

सौदीतल्या रास अल खैरच्या साइटवर तीन वर्षं विजयकुमारने उत्तरेच्या वाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. हिवाळ्यात हा वारा सुटला की क्रेन थांबायच्या, डोळ्यांत वाळू जायची आणि दिवस फुकट जायचा. पंधरवड्यातून एकदा तो दम्मामला घरी यायचा, तोही झोपायलाच. आता बदली होऊन कायमचा घरी आला आणि महिनाभरातच त्याच्या लक्षात आलं, की घराचं त्याच्यावाचून काहीएक अडत नाही. घरमालकाशी बोलणी, लेकीची, क्षितिजाची शाळा, गाडीची दुरुस्ती, सगळं सुहासिनी परस्पर उरकत होती. काही करायला जावं तर "अहो, झालंय ते," असं प्रेमाने ऐकायला मिळायचं. बायकोचं कौतुक त्याला होतंच. पण आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसून राहायचं, हे त्याला फार लागत होतं.

होडीचा मात्र त्याला भरवसा होता. दोन माणसांची ती शिडाची डिंगी त्याने मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या सहकाऱ्याकडून हौसेने घेतली होती. कॉलेजात नेव्हल एनसीसीत तो शीड हाताळायला शिकला, आणि लग्नानंतर सुहासिनीला त्यानेच शिकवलं. तो साइटवर गेल्यावर सुकाणू तिच्या हाती आलं आणि पुढे लेक बसू लागली. उन्हाळ्यात इथे पाण्यावर उभं राहवत नाही, त्यामुळे शर्यती थंडीतल्याच, दर शुक्रवारी. आता आपण आलो, म्हणजे सुकाणू आपल्याकडे, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

गुरुवारी जेवताना सुहासिनी म्हणाली, "उद्या वारा कडक आहे. येता का शर्यतीला?"

"येतो की! तीन वर्षं झाली म्हणून काय झालं? सुकाणू धरलेला हात विसरत नाही."

"सुकाणू मी धरणार आहे. तुम्ही पुढे बसा. अशा वाऱ्यात होडी एका अंगाला झोपते, आणि आम्हा दोघींच्या वजनाला ती आवरत नाही. दर वेळी आम्ही किनाऱ्यावरून बघत बसतो."

"म्हणजे मी काय वाळूची गोणी?"

"बाबा, सँडबॅग्ज डोन्ट टॉक," क्षितिजा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

विजयकुमार फणकाऱ्याने उठला. पण शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन गाडीपाशी उभा होता.

किनाऱ्यावर क्षितिजा जॅकेटमध्ये गुरफटून बसली. बचाव-बोटीवरच्या नसरुद्दीनने भोंगा वाजवला आणि शर्यत सुटली. होडी झुकली तशी विजयकुमारने पाय तळाशी बांधलेल्या पट्ट्यात अडकवले आणि काठावरून पाठ बाहेर टाकली. होडी सरळ झाली आणि जी सुटली, ती दोन होड्यांना मागे टाकूनच! सुहासिनी हसली. पंचवीस वर्षांपूर्वीचं रक्त त्याच्या अंगात सळसळलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेला बोया जवळ आला. सुहासिनी अजून वळत नव्हती. आता उशीर होतोय, असं त्याला वाटलं. "सुहास, वळव! वळव आता!" तो ओरडला, आणि ती वळवायच्या आतच उठून दुसऱ्या काठाकडे सरकला. तोलाला धरलेलं नव्वद किलो वजन नको त्या बाजूला गेलं. होडी आडवी झाली आणि दोघं गार पाण्यात.

नसरुद्दीन बोट घेऊन जवळ आला. "भाईसाब, मदद चाहिए?"

"नहीं चाहिए," सुहासिनीने परस्पर सांगितलं. मग होडीला धरून, दातांवर दात आपटत, ती नवऱ्याला म्हणाली, "ओरडलात त्याचं काही नाही. उठलात म्हणून उलटली."

"मला वाटलं, तुला उशीर होतोय."

"तीन वर्षं मी वेळेवरच वळवत आलेय. बघायला तुम्ही नव्हता, एवढंच."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. विजयकुमार शरमला. तो पोहत पलीकडे गेला, होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर चढला, काठ धरून मागे रेलला. शीड पाण्यातून निथळत वर आलं.

"पहिल्याच झटक्याला!" सुहासिनी थक्क झाली. "आम्ही दोघी असतो तर लटकतच राहिलो असतो."

उरलेल्या शर्यतीत त्याने तोंड उघडलं नाही. ती म्हणेल तेव्हा उठायचं, म्हणेल तिथे बसायचं. प्रत्येक बोयाला ती त्याच्या अंदाजापेक्षा अंमळ उशिराच वळत होती, आणि वळून बघावं तर होडी नेमकी हवी तिथे असायची. हे त्याने तिला शिकवलेलं नव्हतं. ते शेवटचे आले. नसरुद्दीनने त्यांच्यासाठीही भोंगा वाजवला.

किनाऱ्यावर क्षितिजाने थर्मासमधला चहा ओतून दिला. अंगाभोवती टॉवेल गुंडाळून विजयकुमारने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग पुढच्या शुक्रवारी?"

"हलका वारा असला तर क्षिती बसेल," सुहासिनी म्हणाली. "जोराचा असला तर तुम्ही."

"आणि मधला असला तर?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. ओले केस, निळे पडलेले ओठ, आणि परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा चेहरा.

"मधला असला तर बघू."

विजयकुमारला त्या 'बघू'चाही आनंद झाला. गाडीशी आल्यावर त्याने आपणहून किल्ली तिच्या हातात दिली, शेजारी बसला आणि मोबाइलवर पुढच्या आठवड्याचा वारा बघू लागला. गुरुवारपर्यंत सगळं शांत दिसत होतं. शुक्रवारी तरी सुटू दे रे बाबा, असं म्हणत तो दर सिग्नलला पुन्हा पुन्हा बघत राहिला.