मागे सरकणारी सीट

बॅटरीच्या चिमट्याच्या कडेला पांढरी भुकटी साठली होती, थोडी निळसर, अंड्याच्या कवचासारखी ठिसूळ, आणि झेनोवी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला की बॉनेटला टेकवलेला हात बधिर झाला. नख लावलं, भुरभुरली. बॅटरी संपत आलीय हे त्याला या भुकटीवरूनच कळायला हवं होतं... कळलंच होतं म्हणा, महिन्याभरापूर्वी, पण तेव्हा त्याने बॉनेट बंद केलं आणि वर जाऊन बटाटे सोलत बसला. आता बस म्हणावं सोलत.

गाडी जागी होत नव्हती. बटण दाबलं की समोरच्या पडद्यावर सगळे दिवे एकदम पेटत, फडफडत, आत कुठेतरी टकटकटक वाजे आणि मग काळोख. पोटाखालची मोठी बॅटरी, जी चाकं फिरवते ती, काठोकाठ भरलेली होती, काल दुपारी वीज आली तेव्हा त्यानेच भरली होती. पण तिला उठवायचं काम या डबड्याचं – कुठल्याही गाडीत असतं तसलंच बारा व्होल्टचं डबडं – आणि हे मेलं की खाली भरलेलं सगळं असून नसल्यासारखं. त्याने मीटरच्या सुया बॅटरीच्या खुंटांना लावल्या. अकरा आणि वर थोडं. दुसऱ्या हाताने दार उघडलं, आतला दिवा लागला मात्र, आकडा धाडकन नवाखाली. एका दिव्याचं ओझं झेपेना तिला. अख्खी नोकरी ट्रॉलीबसच्या डेपोत वायरींमध्ये घालवली मी, आणि माझ्याच अंगणात, माझ्याच हातून...

‘‘काय रे झेनको, अमेरिकन बाई रुसली का?’’

तळमजल्यावरचा युस्टिन. जन्मभर बस चालवली, आता दुसऱ्यांच्या गाड्यांत नाक खुपसतो. गाडी अमेरिकेतून आलेली, एका अंगाने चेपलेली. झेनोवीच्या मुलाने, मार्क्यानने, ती लिलावात घेऊन इथे नीट करून घेतली तेव्हापासून युस्टिन तिला अमेरिकन बाईच म्हणतो.

‘‘बॅटरी गेली.’’

‘‘खालची असेल तर सरळ घोडा घे. स्वस्त पडेल.’’

‘‘छोटी.’’

‘‘मग गळती असणार कुठेतरी. झोपेतसुद्धा खातात या गाड्या. माझा जावई सांगत होता.’’

जावई सांगत होता! गळती नाही हे झेनोवीने सकाळीच बघितलं होतं, गाडी झोपल्यावर वायरीतून किती वीज जाते ते मोजून. किरकोळ, असायला हवी तेवढीच. काल दिवसभर चार्जरला लावूनही बघितलं होतं, वर आली, शहाण्यासारखी साडेबारा दाखवू लागली, आणि हेडलाइट लावल्यावर पाण्यात मीठ विरघळावं तशी खाली गेली. गळती बिळती काही नाही. ती आतूनच गेली होती, आणि का गेली तेही त्याला ठाऊक होतं.

हिवाळाभर वीज जायची. गॅसची शेगडी चाले, पण घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा पंप विजेवर, आणि पंप थांबला की तासाभरात भिंती गार. तेव्हा सगळ्या इमारतीत एकच बोलणं – तुमच्याकडे काय बाबा, चाकांवरचं वीजघर आहे. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली, इन्व्हर्टर लावून या छोट्या बॅटरीला जोडली. गाडी चालू ठेवली तर मोठी छोटीला भरत राहते, हे त्याला कळत होतं, आणि पहिले काही दिवस त्याने ती चालू ठेवलीही. मग बायको, स्तेफा, म्हणाली, मोठी संपली आणि तेवढ्यात फोन आला तर? उत्तरेकडे जायला ती भरलेली हवी. मग तो गाडी बंद करून पंप चालवू लागला. मोठीचा एक थेंब सांडू नये म्हणून छोटीला रोज मरेस्तोवर पिळली. आणि स्तेफाला तो बोलला नाही की हे चूक आहे. स्तेफाला आताशा तो कशालाच चूक म्हणत नाही, आणि बरोबर असंही म्हणत नाही.

वर खिडकी उघडली. ‘‘झालं का?’’

‘‘होतंय.’’

‘‘दुपारी निघायला हवं, झेनको. उद्या सकाळी बसेस येणार म्हणतायत. आणखी पिरिझकी तळू का? मागच्या वेळी कमी पडल्या.’’

‘‘तळ.’’

सारण भरून तळलेल्या त्या पिरिझकी मार्क्यानसाठी नव्हत्या, म्हणजे त्याच्यासाठी होत्या पण खात होती दुसऱ्यांची पोरं. युद्धकैद्यांची अदलाबदल झाली की सुटलेल्यांच्या बसेस तिथे उत्तरेकडे येतात, आणि बाया दोन्ही बाजूंना फोटो उंच धरून उभ्या राहतात – माझा बघितलास का, कुठे बघितलास का, नीट बघ रे बाळा – आणि ती वाळलेली, डोकी भादरलेली पोरं एकेका फोटोवरून नजर फिरवतात, मान हलवतात, आणि बाया त्यांच्या हातात खायला कोंबतात. स्तेफा सगळ्या वेळी गेली. झेनोवी गाडी चालवत न्यायचा आणि काचा वर करून आतच बसायचा. मार्क्यान आघाडीवर बेपत्ता झाला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. आईबापांपैकी एकाने तरी शुद्धीवर असावं, असं तो स्वतःला सांगायचा. मेलेला मुलगा मेलेला. मी ते स्वीकारलंय. ती बिचारी नाही स्वीकारत.

आणि ती सीट.

गाडी जागी झाली की चालकाची सीट आपोआप मागे सरकते, मार्क्यानने पहिल्या नंबरावर साठवलेल्या जागी, त्याच्या लांबलचक पायांच्या मापाने. झेनोवीचे पाय तिथून पोचत नाहीत. तो रोज दुसरं बटण दाबून ती पुढे घेतो. पण दार उघडलं की आधी ती मागे जाते, झूंऽऽ करत, रिकामी, आणि शेजारी बसलेली स्तेफा ती थांबेपर्यंत बघत राहते. एकदा हळूच म्हणाली होती, बसला. झेनोवीला असा संताप आला होता! वेडेपणा नुसता. तरी त्याने सीटची ती साठवलेली जागा कधी पुसली नाही. का, ते विचारू नका.

आणि आता ती पुसली जाणार होती. या गाडीत छोटीच्या वायरी काढल्या की घड्याळ, रेडिओ, सीट, सगळं कोरं. मरता मरतासुद्धा बॅटरीने तेवढं धरून ठेवलं होतं.

‘‘युस्टिन, वीज गेल्यावर दिवा लावतोस ती तुझी बॅटरी आण जरा.’’

‘‘ती कशाला? ही नवी आणलीयस ना? दोन बोल्ट ढिले कर, जुनी काढ, नवी टाक. माझी म्हातारीसुद्धा करेल.’’

‘‘आण म्हटलं ना.’’

‘‘आणतो बाबा. डोळे कशाला वटारतोस.’’

युस्टिनची बॅटरी त्याने एका खोक्यावर ठेवली. तिच्या दोन वायरी गाडीच्या दोन चिमट्यांना लावल्या, लाल लालला, काळी काळीला, म्हणजे जुनी काढल्यावरही गाडीत धुगधुगी राहील. दार उघडंच ठेवलं. आतला छोटा दिवा मंद पेटलेला, त्याच्याकडे एक डोळा. काळा बोल्ट ढिला. लाल बोल्ट ढिला. चिमटे उचलून बाजूला घेतले. दिवा पेटलेलाच... त्याच्या लक्षात आलं की आपण कोणाला तरी मनातल्या मनात म्हणतोय, थांब, थांब, झालंच, हलू नकोस.

कोणाला?

जुनी बॅटरी त्याने पट्ट्याला धरून उचलली. जड होती, मेली की अधिकच जड लागतात. तिचा कोपरा लाल वायरीत अडकला, वायर ताणली, आणि तिचा चाप नुसता टपकन सुटला. एवढंसं झालं. त्याने बॅटरी तशीच हातात धरून आत बघितलं. दिवा विझला होता.

‘‘काय झालं?’’ युस्टिन म्हणाला. ‘‘अरे, घड्याळच ना गेलं? लावून घे परत. किती वाजलेत सांगू?’’

‘‘जा तू.’’

‘‘मी काय केलं?’’

‘‘काही नाही केलंस. तुझी बॅटरी घे आणि जा.’’

युस्टिन गेला. झेनोवीने नवी बसवली, खुंट पुसले, बोल्ट आवळले, कशातही चूक नाही. गाडी पहिल्याच दमात जागी झाली. पडद्यावर मध्यरात्रीची वेळ, कुठल्याशा जुन्या वर्षाची एक जानेवारी. सीट हलली नाही.

तो वाकला, सीटचं बटण धरलं, मागे नेली. इतकी? आणखी थोडी. थांबला. मार्क्यान बसायचा तेव्हा गुडघे कुठे येत त्याचे... स्टिअरिंगच्या खाली? की बाजूला फाकवून बसायचा? त्याला मार्क्यानचं हसू आठवलं, खोकला आठवला, दहावीत मोडलेला हात आठवला, पण गुडघे आठवेनात. पोटच्या पोराची लांबी मला सांगता येत नाही. पुढे घेतली, मागे नेली. दर वेळी वाटे, हीच, आणि लगेच, छे. इतके महिने मेलेला म्हणत होतो ना मी त्याला? मग आता हे काय चाललंय? आता छातीत हे काय झालंय, आजच कळवायला कोणी दारात आल्यासारखं? म्हणजे ते शहाणपण, ते काचा वर करून बसणं... सगळं सीट जागेवर होती म्हणून चाललं होतं. ती रोज मागे जात होती म्हणून मला त्याला मेलेला म्हणणं परवडत होतं.

स्तेफा खाली आली. खांद्याला पिशवी, काखेत पुठ्ठ्याला चिकटवलेला फोटो, अंगाला तळणाचा वास. तिने पलीकडचं दार उघडलं आणि सवयीने थांबली. वाट बघत.

‘‘गेलं,’’ झेनोवी म्हणाला. ‘‘वायर सुटली. माझ्याच हातून.’’

 त्याला वाटलं, रडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोटो मागच्या सीटवर उलटा नाही, सुलटा ठेवला, वळसा घालून अलीकडे आली, त्याला कोपराने बाजूला केलं आणि बटणावर बोट ठेवलं. सीट मागे गेली. ती आई आहे, झेनोवीच्या मनात आलं, तिला माहीत असेल. सीट थांबली. स्तेफाने जराशी पुढे घेतली. मग मागे. मग पुन्हा पुढे, अगदी नखभर. मग तिचं बोट बटणावरच राहिलं आणि तिने मान वर केली.

तिलाही माहीत नव्हतं.

‘‘इतकं?’’ ती म्हणाली. ‘‘झेनको, इतकंच होतं ना?’’

इतक्या महिन्यांत तिने कितीदा काय काय विचारलं होतं – जिवंत असेल ना, थंडीत असेल का, आपल्याला ओळखेल ना – आणि तो दर वेळी दुसरीकडे बघत आला होता. आता त्याने सीटकडे बघितलं. रिकाम्या जागेकडे, पेडलकडे, मधल्या अंतराकडे.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘इतकंच.’’

स्तेफाने पहिल्या नंबराचं बटण दाबून धरलं. गाडीने बारीक आवाज केला, साठवलं. ती पलीकडे जाऊन बसली, पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली, आणि झेनोवी उघड्या दाराशी उभा राहिला. आपण तिच्याशी आत्ता खोटं बोललो की खरं, हे त्याला काही केल्या कळेना.