चैतातला स्वेटर

चैताच्या उन्हात जळबानं सदऱ्याखाली स्वेटर घातला होता. सेनगावच्या स्थळानं "पोरगं काडीवानी हाय, औत काय धरंल?" म्हणून त्याला नाकारलं, तेव्हापासून त्याला आपल्या हाडांची लाज वाटे. आज मामासोबत तो गोरेगावला मुलगी पाहायला आला होता.

मुलीचा बाप मोठा अगत्याचा. "पाव्हणं, धुळीतून आलात. पाणी काढलंय, आंगुळ करून घ्या!"

न्हाणीचा दगड उघड्या अंगणात, आणि ओसरीवर बायांचा घोळका. मामांनी खुशाल अंग धुतलं.

"मी घरून करून आलो," जळबा म्हणाला.

"मग सदरा तरी काढा. केवढा घाम येऊन राहिला!"

"न्हाई, बराबर हाय."

बराबर कसलं डोंबलाचं! आत लोकर चावत होती, जीव उकडून निघत होता, आणि उठून पळायची सोय नव्हती.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. घामानं तिच्या तोंडावरची पावडर ओघळली होती आणि खालचा काळा रंग दिसत होता. कप देताना तिची नजर त्याच्या सुटलेल्या गुंडीवर गेली. आतली लोकर तिनं पाहिली. तिनं कोनाड्यातला पंखा आणून त्याच्यापुढं ठेवला.

परतताना मामा भडकले, "पावडर थापून रंग लपवला लबाडांनी! न्हाई म्हणून कळवतो. तुझं काय म्हणणं?"

जळबानं सुटलेली गुंडी लावली.

"तुमी म्हणाल तसं, मामा."