गुळाच्या पारड्यातले अध्यक्ष

मित्रांनो, पितळेची दोन पारडी, लोखंडी दांडी आणि मधोमध बोटभर काटा, एवढाच काय तो माझा संसार. कोल्हापुरातल्या एका गुळाच्या दुकानात मी टांगलेला असतो. मी तिथला जुना तराजू. हल्ली माझ्या शेजारी एक इलेक्ट्रॉनिक काटा येऊन बसला आहे. त्याच्या पोटात लाल आकडे पळतात आणि वीज गेली की स्वारीची बोलती बंद. मी मात्र विजेवाचून तीन पिढ्या बोललो आणि खरं तेच बोललो. थोडा गर्व आहे मला त्याचा. लपवून काय करू?

माझी दांडी लोहाराने घडवली आणि पारडी तांबटाने ठोकून काढली. आत्ताचे मालक गणपतराव, त्यांच्या आजोबांनी मला हौसेने करून घेतलं. दरसाल वजनमापे खात्याचे साहेब यायचे, माझी परीक्षा घ्यायचे आणि शिक्का मारून जायचे. मी कधी नापास झालो नाही. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की दुकानात ताज्या गुळाचा असा घमघमाट सुटे की रस्त्यावरचा माणूस कामधंदा विसरून उंबऱ्यात उभा राही. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया एकमेकींना सांगायच्या, "हितं काटा सरळ हाय बाई." ते ऐकलं की माझी दांडी आपोआप ताठ व्हायची.

मग तो लाल आकड्यांचा पाहुणा आला आणि मी छताच्या आकड्याला नुसता लटकून राहिलो. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळायची. बाकी वर्षभर धूळ. माझ्या साखळ्या काळ्या पडल्या. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? कोणी हात लावावा एवढीच माझी इच्छा होती. ती पुरी झाली, पण ज्या रीतीने झाली ती ऐकून तुम्ही हसाल.

गणपतरावांचा एक मित्र आहे, धोंडीराम. दोघे एका शाळेत, एका बाकावर. धोंडीराम एसटीत कंडक्टर होते, त्यांची सगळी नोकरी गगनबावड्याच्या गाडीवर झाली. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी ते दुकानात गोणपाटावर येऊन बसत. आता दोन कोल्हापूरकर एकत्र बसले आणि वाद झाला नाही, असं कधी झालंय का? पण दुकानात सगळ्या गटांची गिऱ्हाइकं. एकदा साखर कारखान्याच्या निवडणुकीवरून तोंडातोंडी झाली आणि चार चांगल्या घरांची गिऱ्हाइकी तुटली. तेव्हापासून गणपतरावांनी भिंतीवर पाटी लावली, 'येथे राजकारणावर बोलू नये'.

मग बोलायचं कशावर? गणपतरावांचा मुलगा अमरसिंह अमेरिकेत टेक्सासला आणि धोंडीरामांची मुलगी संघप्रिया शिकागोला. तो तिकडच्या एका पार्टीचा, ती दुसऱ्या पार्टीची. तिकडचे जुने अध्यक्ष कोण थोर आणि कोण नालायक यावर दोघे फोनवर तावातावाने भांडत आणि आपापल्या वडिलांना ऐकवत. वडिलांनी ते भांडण जसंच्या तसं दुकानात आणलं. परक्या देशातली माणसं, त्यातही मेलेली. त्यांच्यावरून भांडलं तर आपलं काय जातंय, असा दोघांचा हिशेब. इथेच दोघे चुकले.

एका संध्याकाळी गणपतरावांनी मला आकड्यावरून काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि म्हणाले, "तोंडानं न्हाय ठरायचं धोंड्या. तोलूनच बघू की."

रीत अशी ठरली. अध्यक्षाच्या चांगल्या कामाला एका पारड्यात गुळाचा खडा, वाईट कामाला दुसऱ्यात लोखंडी वजन. खडा केवढा आणि वजन किती, हे ज्याने त्याने सांगायचं. लिंकनच्या वेळी दोघांनी मिळून गूळ ठेवला. माणसांना गुलामीतून सोडवलं म्हटल्यावर हात आखडायचा कशाला? पण गूळ ठेवून होतो न होतो तोच गणपतराव म्हणाले, "बघ, आमच्या पार्टीचा."

"तवाची पार्टी येगळी, आताची येगळी," धोंडीराम म्हणाले. "तुजा अमर काय लिंकनच्या मांडीवर खेळलाय व्हय?"

तिथून रंग चढला. आपल्या बाजूच्या अध्यक्षाच्या पापाला पन्नास ग्रॅम आणि पलीकडच्याच्या पापाला दोन किलो. कोणाची लबाडी, कोणाचं युद्ध, कोणाचा खोटेपणा, सगळं माझ्या पारड्यांत येऊन पडायचं. मी जे ठेवतील ते तोलत होतो. लोक माझ्या काट्याकडे बघत, ठेवणाऱ्याच्या हाताकडे कोणी बघत नसे. मला मात्र हात कळतात. आयुष्यभर मी तेच तर बघत आलो. तरी सांगतो, मला मजा वाटत होती. कितीतरी वर्षांनी माझ्या साखळ्या खुळखुळत होत्या आणि गिऱ्हाइकं थांबून हसत होती.

मग जॉन्सनची पाळी आली, साठच्या दशकातला अध्यक्ष, संघप्रियाच्या पार्टीचा.

धोंडीरामांनी खडा घेतलाच नाही. त्यांनी गुळाची अख्खी भेली उचलून पारड्यात ठेवली. "दुष्काळात आमच्या घरात दाना नव्हता," ते म्हणाले. "आई रेशनच्या रांगेत उभी ऱ्हायची. ती तांबडी मिलो जवारी, त्यो गहू, समदं अमेरिकेचं. त्याच्यावर मी जगलो. आन तिथल्या काळ्या मानसास्नी मत टाकाय कुणी आडवू नये म्हनून कायदा केला त्यानं. ह्येला तू खडा लावनार?"

गणपतरावांनी व्हिएतनामचं वजन टाकलं. मग थोडं थांबून त्याच्यावर आणखी एक वजन ठेवलं. त्यांचे थोरले भाऊ पासष्टच्या लढाईत गेले. घरात त्यांचा फोटो आहे, लष्करी टोपीतला. "समोरचं पॅटन रणगाडं कुणाचं हुतं?" ते म्हणाले. "अमेरिकेचंच न्हवं?"

"त्ये ह्याच्या आधीच्या आधीच्या सायबानं दिलतं," धोंडीराम हळूच म्हणाले. "तुज्याच पार्टीच्या."

 हे खरं होतं. पण भावाचं दुःख उत्तराने थोडंच संपतं? दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात कोणी नसताना, गणपतरावांनी गुळाचा एक चांगला मोठा गोळा मळला आणि माझ्या वजनाच्या पारड्याखाली चिकटवला.  त्यांच्या ओठांत भावाचं नाव होतं.

संध्याकाळी पुन्हा तोलाई झाली. धोंडीरामांची भेली वर गेली. गणपतराव कुणाकडे न बघता म्हणाले, "बघ, हलका निघाला तुजा जॉन्सन." धोंडीराम उठणार, तेवढ्यात त्यांना माझ्या साखळीवरून खाली उतरणारी मुंग्यांची रांग दिसली. रांग वजनाच्या पारड्यात न थांबता त्याच्या खाली वळत होती. त्यांनी पारड्याखाली हात घातला. हाताला गूळ लागला.

दुकानात हुपरीची दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत धोंडीराम म्हणाले, "गणपा, काटा मारलास व्हय रं?"

मित्रांनो, व्यापाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. ज्या घराने तीन पिढ्यांत कुणाला गुंजभर कमी दिलं नाही, त्या घराने पहिल्यांदा काटा मारला, आणि तो कुणापायी, तर ज्याने कोल्हापूरचं नावही कधी ऐकलं नसेल अशा माणसापायी! गणपतरावांचा चेहरा लालबुंद झाला. चूक कबूल करायची सोडून ते ओरडले, "चल, नीघ माज्या दुकानातनं!" धोंडीरामांनी आपली पिशवी उचलली आणि ते निघून गेले. मी तसाच वाकडा लटकत राहिलो. मला रडू येत असतं तर मी रडलो असतो.

त्यानंतर गोणपाट रिकामं राहू लागलं. गणपतराव गिऱ्हाइकांवर डाफरत, संध्याकाळ झाली की उगाच रस्त्याकडे बघत, आणि कोणी विचारलं तर "ऊन बघतोय" म्हणत. संध्याकाळी कसलं आलंय ऊन! घरधनीण चिमणाबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "पोरं तिकडं भांडून परत एकमेकास्नी फोन करत्यात. आन तुमी हितं तोंड फुगवून बसलाय." गणपतराव गुळावरच्या माश्या हाकत राहिले.

मग एके दिवशी चिमणाबाई दुकानात आल्या त्या वेगळीच बातमी घेऊन. "अवो, धोंडीभावजी निघाल्यात पोरीकडं. संघप्रिया बाळंत व्हनार हाय. आई न्हाय तिला. भावजी एकलंच डिंकाचं लाडू वळाय लागल्यात."

"मग?"

"मग काय? गूळ दुसऱ्या दुकानातनं आनलाय त्यांनी."

गणपतराव पोत्यावर बसले. बसले म्हणजे बसलेच. संघप्रियाच्या बारशाला गूळ त्यांच्या दुकानातून गेला होता. ती दहावी पास झाली तेव्हाही. आता तिच्या पहिल्या बाळंतपणाचा गूळ दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानातून गेला. शिवीने जे झालं नाही ते या गुळाने झालं. त्यांनी दुकानातली सगळ्यात पिवळीधमक भेली निवडली, मला खाली काढलं, भेली-वजनांसकट पोत्यात घातलं आणि ते निघाले.

धोंडीरामांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी त्यांच्या पत्नीचा. चुलीवर पाक उकळत होता आणि धोंडीरामांचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. त्यांनी वर पाहिलं आणि ते पुन्हा पाक ढवळू लागले.  तुळईला एक लोखंडी कडी होती. संघप्रियाचा पाळणा तिलाच टांगलेला असे. त्या कडीला गणपतरावांनी मला अडकवलं आणि एक वजन पारड्यात ठेवलं.

"ह्यो माजा खोटेपना." मग दुसरं. "ह्ये तुला हाकललं त्येचं." त्यांनी रिकाम्या पारड्याकडे बोट दाखवलं. "आता माजं काय चांगलं आसंल तर ठेव तिकडं. नसंल तर ऱ्हाऊ दे. मी तोलून घ्यायला आलोय."

माझं एक पारडं जमिनीकडे गेलं आणि दुसरं वर, रिकामं. भेली पोत्यातच होती. तिला गणपतरावांनी हातही लावला नाही.

धोंडीरामांनी पाक चुलीवरून उतरवला. मग उठले. पाकाने भरलेला आपला हात त्यांनी त्या रिकाम्या पारड्यात ठेवला आणि खाली दाबला. दाबत गेले, दाबत गेले, माझा काटा मधोमध येईपर्यंत.

"बरोबर हाय बघ," ते म्हणाले.

"हात काढ की," गणपतराव म्हणाले. "काटा मारतोयस."

"व्हय," धोंडीराम म्हणाले. "मारतोय."

पारडं हाताने दाबणं ही व्यापारातली सगळ्यात उघडी चोरी. वजनमापेवाल्या साहेबांनी पाहिलं असतं तर मला तिथल्या तिथे जप्त केलं असतं. पण इतका सरळ मी जन्मात कधी उभा राहिलो नव्हतो. गणपतरावांनी डोळे पुसले, बाह्या सारल्या आणि लाडू वळायला बसले. त्यांना लाडू वळता येत नाहीत. त्यांचे सगळे फुटले.

धोंडीराम आता शिकागोला नातीला आंघोळ घालतात. जाताना गणपतरावांनी विचारलं होतं, "आन जॉन्सनचं काय ठरलं रं?" धोंडीराम म्हणाले, "आल्यावर बघू."

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. कोणा मोठ्या माणसाला तोलायला बसलात तर खुशाल बसा, भांडा, मनाला येईल ते वजन ठेवा. पण समोर जो बसलाय त्याला उठून जाऊ देऊ नका. आणि जमलं तर गणपतरावांना माझ्या साखळ्यांना थोडं तेल द्यायला सांगा. निकाल लागावा अशी मला काही घाई नाही. तो माणूस परत येऊन गोणपाटावर बसावा, एवढंच.